हरकत लिहायची ती रकान्यात बसेल अशी

२०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरला. वर चार लाल दिवे आणि खाली, 'गृहनिर्माण संस्थांसाठी नवीन कायदा लागू! थकबाकीवर आता फक्त १२ टक्के व्याज!' दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचे काका माझ्या दारात. त्यांचा चौदा महिन्यांचा मेंटेनन्स थकलेला.

"ताई, आता तुम्ही मला एकवीस टक्के लावू शकत नाही."

"काका, कायदा नाही आला. नियमांचा मसुदा आलाय. पसंत असेल तर तसं कळवा, नसेल तर तसं."

"कुणाला कळवू?"

"सरकारला."

काका हसले. मी नाही हसले, कारण सव्वीस वर्षं माझं पोट त्याच कामावर भरलं. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात आधी आवक-जावक आणि मग मसुद्यांवर येणाऱ्या हरकती-सूचनांचं टेबल माझ्याकडे होतं. (कार्यालयाचं नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे.) पाकिटं मी फोडली, शिक्के मी मारले, तक्ते मी टंकले. आता नेरूळला सोसायटीची सेक्रेटरी आहे, म्हणजे खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला. सरकार नियम करतं तेव्हा आपण त्यात शिरायचं कसं, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी पत्र लिहिणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसते. तुमचं पत्र साहेबांच्या टेबलावर पत्र म्हणून क्वचितच जातं. ते तक्ता होऊन जातं. आडव्या कागदावर पाच रकाने: अनुक्रमांक, हरकतदाराचं नाव, मसुद्यातील नियम क्रमांक, हरकत किंवा सूचना, आणि विभागाचे अभिप्राय. चौथा रकाना तीन बोटं रुंद. तुमचं दोन पानी पत्र त्या तीन बोटांत कुणीतरी माझ्यासारखी बाई बसवते. तिला दुपारी चारपर्यंत आणखी चाळीस पत्रं बसवायची असतात. तुम्ही स्वतः ते आटोपशीर लिहिलं नाहीत, तर काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ती ठरवते.

आता मुळापासून.

हातात आलेला कागद नेमका काय आहे, ते आधी ओळखा. विधिमंडळ करतं तो अधिनियम. त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकार करतं ते नियम. वीज नियामक आयोगासारखी संस्था करते ते विनियम, महापालिका करते त्या उपविधी. शासन निर्णय आणि परिपत्रक ही निराळी जात. त्यांच्याआधी हरकती मागवायचं बंधन सहसा नसतं, एका सकाळी ते निघालेले असतात. तेव्हा जीआरवर 'हरकत' पाठवणं म्हणजे सुटलेल्या लोकलला हात करणं. तिथे निवेदन द्यायचं, पुनर्विचाराची विनंती करायची. पण नियम, विनियम आणि उपविधी यांच्या बाबतीत मूळ अधिनियमात तीन शब्द शोधायचे: 'पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन'. हे शब्द असले की मसुदा आधी छापावाच लागतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १६५ मध्ये ही शर्त आहे. तातडी असल्याचं सरकारचं समाधान झालं तर ती बाजूला ठेवायची सोयही त्याच कलमात आहे, हेही ध्यानात असू द्या. वीज अधिनियम, २००३ च्या कलम १८१ मध्येही आयोगाच्या विनियमांना पूर्वप्रसिद्धी लागते.

पूर्वप्रसिद्धी म्हणजे नेमकं काय करायचं, ते १९०४ च्या आपल्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात (सगळ्या कायद्यांना लागू पडणाऱ्या सामाईक तरतुदींचा कायदा) आहे; केंद्राचा तसाच १८९७ चा आहे, त्याचं कलम २३. गाभा एवढाच, की मसुदा छापा, सोबत तारीख द्या, त्या तारखेआधी जे येईल ते विचारात घ्या, मग अंतिम करा. बोलावून ऐकून घ्यायलाच हवं असं त्यात नाही. लेखी आलेल्याचा विचार झाला पाहिजे, इतकंच. आणि शेवटचा पोटभाग जरा कडू आहे. पूर्वप्रसिद्धीनंतर केले असं म्हणून नियम एकदा राजपत्रात छापून आले, की ते रीतसर झाल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे नंतर 'आम्हाला कळलंच नाही' म्हणून फार काही साधत नाही.

मसुदा मिळतो महाराष्ट्र शासन राजपत्रात. राज्याच्या अधिनियमांखालचे नियम बहुतेक भाग चार-ब मध्ये येतात, केंद्राच्या अधिनियमांखालचे चार-अ मध्ये. पूर्वी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाच्या विक्री केंद्रावर जाऊन अंक घ्यावा लागे, आता संकेतस्थळावर पीडीएफ मिळते. ग्रुपवर आलेल्या बातमीवर, वकिलाच्या व्हिडिओवर किंवा माझ्यासारखीच्या सांगण्यावर हरकत लिहू नका. राजपत्राची प्रत उघडा. आमच्या ग्रुपवर १२ टक्क्यांचा आकडा बरोबर होता, 'लागू' हा शब्द चूक होता, आणि सगळा घोटाळा त्या एका शब्दाचा होता.

मसुद्याच्या वर अधिसूचनेचा एक परिच्छेद असतो. लोक तो सोडून थेट नियमांकडे जातात. मी मात्र तो मोठ्याने वाचायला सांगते. भाषा वर्षानुवर्षं तीच: 'ज्यांना त्याची बाधा पोहोचण्याचा संभव आहे अशा सर्व व्यक्तींच्या माहितीकरिता याद्वारे प्रसिद्ध करण्यात येत आहे', आणि पुढे, 'उक्त मसुदा अमुक दिनांकास किंवा त्यानंतर शासनाकडून विचारात घेण्यात येईल'. मग पत्ता, आणि 'उक्त दिनांकापूर्वी कोणत्याही व्यक्तीकडून ज्या हरकती किंवा सूचना येतील त्या शासन विचारात घेईल'.

यात दोन जागा महत्त्वाच्या. 'कोणत्याही व्यक्तीकडून' असं लिहिलंय. 'सदस्याकडून' किंवा 'मालकाकडून' असं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे भाडेकरू. त्यांना वाटतं, सोसायटीच्या नियमांत आपला काय संबंध? लिफ्ट, पाणी, पार्किंग रोज तेच वापरतात. त्यांनी लिहिलेलं पत्र तितकंच पत्र असतं.

दुसरी जागा 'पूर्वी'. नोटिशीत १५ तारीख असेल, तर १५ ला पोहोचलेलं पत्र उशिरा आलं असं धरून चला. पोस्टात कधी टाकलं याला मोल नाही, कार्यालयात कधी पोहोचलं ते मोजतात. यात मी स्वतः फसलेय, तेही निवृत्त झाल्यावर, म्हणजे शहाणपण अंगात मुरलेलं असताना. एका मसुद्यावर झकास हरकत लिहिली, मुदतीच्या आदल्या गुरुवारी नेरूळच्या पोस्टात स्पीड पोस्टने टाकली आणि निवांत झाले. मुदत सोमवारची. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून राज्य सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी, हे डोक्यातून गेलं. पाकीट शनिवारी बंद दारापाशी पोहोचलं असणार. मंगळवारचा शिक्का बसला. ज्या बाईने आयुष्यभर लोकांच्या पत्रांवर 'मुदतीनंतर प्राप्त' असं लाल शाईने लिहिलं, तिच्या पत्रावर तेच. तेव्हापासून माझा नियम: छापील तारखेच्या आठ दिवस आधी पाकीट पोहोचलेलं हवं. ईमेलचा पत्ता दिला असेल तर ईमेलही करायचा, दोन्हीकडे तोच मजकूर.

मसुदा वाचताना पेन्सिल घ्या. व्याख्यांपासून सुरुवात करा, कारण भांडणं तिथेच रुजतात. मग क्रियापदं पाहा. सरकारी मराठीत 'समिती नोटीस देईल' म्हणजे द्यावीच लागेल, आणि 'समितीला नोटीस देता येईल' म्हणजे तिची मर्जी. इंग्रजीतलं 'शॅल' आणि 'मे'. दोन्ही भाषांतल्या प्रती शेजारी ठेवून वाचा. एकीत बंधन आणि दुसरीत मर्जी असेल, तर ती तफावत हीच तुमची हरकत. असली हरकत विभागाला हवीच असते, कारण पुढे विधी व न्याय विभागाकडे फाईल गेली की तिथे तेच बोट ठेवलं जाणार असतं. 'आणि'च्या जागी 'किंवा' किती घरं मोडू शकतो, हे टंकलेखिकेइतकं कुणाला कळणार? शेवटचे नमुने सोडू नका. नमुन्यात सही करायला एकच जागा आणि नियमात दोन पदाधिकारी, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता लिहिणं. आमच्या खजिनदारांनी त्या १२ टक्क्यांवर पहिला खर्डा आणला तो असा सुरू होत होता: 'अत्यंत खेदपूर्वक नमूद करावेसे वाटते की, प्रामाणिक माणसाला या राज्यात कुणी वाली उरलेला नाही...' दोन पानं. तळमळ खरी होती. पण मी टेबलावर असते तर चौथ्या रकान्यात एवढंच टंकलं असतं: 'व्याजदर कमी करण्यास विरोध.' आणि पाचव्यात कुणीतरी लिहिलं असतं: 'धोरणात्मक बाब. मान्य करता येत नाही.' संपलं.

मग आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसलो आणि असं केलं:

नियम क्रमांक: (मसुद्यातला क्रमांक, पोटनियमासकट)

हरकत: थकबाकीवरील व्याजाची कमाल मर्यादा २१ वरून १२ टक्के करताना अल्पकालीन आणि दीर्घकालीन थकबाकी यांत फरक केलेला नाही.

आधार: आमच्या संस्थेत मासिक आकारणी ३,००० रुपये. एका सदनिकेची वर्षाची थकबाकी ३६,००० रुपये. ही रक्कम पुढे वर्षभर थकीत राहिल्यास सरळ व्याज २१ टक्क्यांनी ७,५६० रुपये, १२ टक्क्यांनी ४,३२० रुपये. मधल्या काळात लिफ्टची देखभाल आणि वीजबिल नियमित भरणाऱ्या सदस्यांच्या पैशातून भागवावं लागतं.

सुचवलेला मजकूर: '...कमाल १२ टक्के. परंतु असे की, सहा महिन्यांहून अधिक काळ थकीत असलेल्या रकमेवर कमाल १८ टक्के व्याज आकारता येईल.'

बस. पाऊण पान. 'परंतु असे की' हा सरकारी कायद्यातला अपवादाचा दरवाजा आहे. तो तुमच्या वाक्यात असला की वाचणाऱ्याला ते वाक्य उचलून मसुद्यात डकवता येतं. त्याला नवीन वाक्य घडवायला लावलंत, तर तो 'अमान्य' लिहून मोकळा होतो. हे आळसाचं नाही, वेळेचं गणित आहे. १८ चा आकडा बरोबर की चूक, यावर आमच्या कमिटीतच भांडण झालं. खजिनदारांना २१ च हवे होते. शेवटी त्यांनी आपलं वेगळं पत्र पाठवलं, आणि ते चांगलंच झालं.

दोन मुद्दे असतील तर दोन परिच्छेद, प्रत्येकाला स्वतःचा नियम क्रमांक. दहा मुद्दे असतील तर त्यांतले चार निवडा. विशेषणं काढा. आकडे तुमचेच द्या, तुमच्या ताळेबंदातले. पेपरातले देऊ नका. आणि जे पटलंय तेही लिहा. लोक फक्त नको ते लिहितात. मग तक्त्यात एखाद्या चांगल्या नियमासमोर दहा विरोध आणि पाठिंब्याचा कोरा कागद, आणि तो नियम गळतो. 'नियम क्रमांक अमुक कायम ठेवावा' ही सूचनाच असते.

एकच पत्र झेरॉक्स करून साठ जणांनी सह्या करायची पद्धत आपल्याकडे फार. एकदा माझ्या टेबलावर दोनेकशे पाकिटं एका दिवशी आली, सुतळीने बांधलेली. आतला मजकूर अक्षर न अक्षर तोच. मी एक ओळ टंकली, नावाच्या रकान्यात पहिलं नाव आणि पुढे 'व इतर', शेरा 'समान आशयाची पत्रे'. त्याच आठवड्यात एका निवृत्त मास्तरांचं पोस्टकार्ड आलं होतं. मसुद्यात म्हटलं होतं की नोटीस 'सदस्यास' द्यावी. मास्तरांनी विचारलं होतं, सदस्य वारला असेल तर? पुढे 'किंवा त्याने नामनिर्देशित केलेल्या व्यक्तीस' हे शब्द घाला. अंतिम नियमात ते शब्द होते. मास्तरांना कुणी कळवलं नाही, ती पद्धतच नव्हती.

पत्र स्वतः नेऊन देणार असाल तर दोन प्रती न्या. दुसरीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही. शिक्क्यात तारीख पुसट उठली तर 'जरा पेनाने घाला ना' असं म्हणायला लाजू नका; आम्ही घालून देतो. राज्य सरकारी कार्यालयं ९.४५ ला उघडतात आणि ६.१५ ला बंद होतात; पण आवकचं टेबल पाचनंतर आवरायला लागतं. पाकिटावर मोठ्या अक्षरात मसुद्याचं नाव आणि अधिसूचनेचा क्रमांक लिहा. नाहीतर ते पाकीट आस्थापनेच्या टेबलावर चार दिवस पडून राहतं.

काही ठिकाणी मात्र तोंडी ऐकून घेणं कायद्यातच आहे. विकास आराखडा हा नियम नव्हे, पण घराला भिडतो तो हाच. नवी मुंबई महापालिकेचा प्रारूप आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सिडकोच्या भूखंडांवरच्या आरक्षणांवरून केवढी चर्चा झाली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली हरकती मागवतात आणि कलम २८ खालच्या नियोजन समितीपुढे सुनावणी होते. पण लेखी हरकत दिली असेल तरच तिथे तुमचं नाव पुकारलं जातं. वीजदराच्या अर्जावर आयोग लोकांच्या सूचना घेतो. पर्यावरण मंजुरीसाठी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी ठेवतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात आणि तिचं चित्रीकरण होतं. सुनावणीत पत्र वाचून दाखवू नका, ते त्यांच्यापुढे आहेच. नकाशावर बोट ठेवा, काय बदलायचं ते सांगा, बसा.

मुदत संपली की शांतता पसरते. महिने जातात, कधी वर्षं. आत तक्ता फिरत असतो: कक्ष अधिकारी, अवर सचिव, वर, मग विधी व न्याय. अंतिम नियम राजपत्रात आले की ते विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण तीस दिवस ठेवावे लागतात, आणि सभागृहांना ते बदलता किंवा रद्द करता येतात. आपल्या आमदारांना सांगायची ही शेवटची खिडकी. फारसं कुणी सांगत नाही.

आपल्या हरकतीचं काय झालं, हे आपण होऊन कुणी कळवणार नाही. अमेरिकेत १९४६ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे, तिथल्या यंत्रणेला नियमाचा आधार आणि हेतू लिहून द्यावा लागतो. आपल्याकडे तसा सर्वसाधारण कायदा नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉल ड्रॉपच्या भरपाईचा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, विनियम रद्द केला (तुटलेल्या एका कॉलला एक रुपया, दिवसाला तीनपर्यंत), तेव्हा संसदेने असा कायदा करावा असं सुचवलंही होतं. तोवर माहितीचा अधिकार आहे. कलम ४ म्हणतं की महत्त्वाची धोरणं ठरवताना संबंधित तथ्यं जाहीर करावीत आणि बाधित लोकांना निर्णयाची कारणं द्यावीत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि मागा: 'अमुक अधिसूचनेवर प्राप्त हरकती-सूचनांचा तक्ता, विभागाच्या अभिप्रायांसह, तसेच संबंधित टिपणीची प्रत.' 'तक्ता' हा शब्द घाला. 'माझ्या पत्राचे काय झाले?' असं विचारलंत तर 'पत्र नस्तीबद्ध करण्यात आले', म्हणजे फायलीला लावलं, एवढंच उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं.

त्या एप्रिलमध्ये आमचं पत्र गेलं. दोन दिवसांनी काका पुन्हा आले, हातात वहीचा कागद. "ताई, तुम्ही १८ मागितलेत म्हणे. मग मला १२ च्या बाजूने लिहून द्या." मी त्यांनाच बसवलं आणि विचारलं, आधार काय? पेन्शन किती, औषधं किती, मेंटेनन्स किती, थकलं कधीपासून. बायकोच्या ऑपरेशनच्या महिन्यापासून. तो सगळा हिशेब चार ओळींत आला, नियम क्रमांक वर, 'मर्यादा कायम ठेवावी' खाली. सही त्यांची, टंकन माझं. दोन्ही पत्रं आता कुठल्यातरी तक्त्यात एकाखाली एक असतील.

मेच्या बिलात मी त्यांना व्याज २१ टक्क्यांनीच लावलं.